टॅलीच्या क्लासला जाते, असं सांगून



आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आमची धाकटी बहीण राहते. तिची मुलगी एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ही आमची भाची डावा हात छातीशी धरून घरी आली. जिन्यावरून पाय घसरला, म्हणाली. बहिणीने हळद गरम करून लावली, शेकायला आमच्या घरून रबरी पिशवी नेली. दहा दिवस झाले तरी हात खांद्याच्या वर जाईना. शेवटी आम्हीच तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एक्स-रे पाहून ते म्हणाले, कॉलर बोनला चीर गेली आहे. मग तिच्या बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी पाहून त्यांनी सहज विचारलं, "कुठला खेळ खेळतेस?"

ती खाली बघत म्हणाली, "ज्युदो."

वर्षभर ती टॅलीच्या क्लासला जाते असं सांगून ज्युदोला जात होती. खेळाचा तो जाड पांढरा पोशाख मैत्रिणीच्या घरी राहायचा, तिथेच धुतला जायचा. फी ती शिकवणीच्या मुलांकडून मिळणाऱ्या पैशांतून भरायची. घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्या रात्री बहिणीच्या घरी सगळे जमले. मेहुणे म्हणाले, आमच्या घरात आजवर कुणी असलं काही केलं नाही. दादी म्हणाली, "मार खाने कू पैसे देती क्या गे?" आणि आम्ही, जे दर महिन्याला या पानावर शहाणपणाच्या चार गोष्टी लिहितो, आम्ही म्हणालो, "हे सगळं लहानपणी करायचं असतं. एकविसाव्या वर्षी सुरुवात करून कुणी चॅम्पियन होतं का? आता स्थळं बघायचे दिवस आहेत."

ती एवढंच म्हणाली, "मामू, मी आधी विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हणाला असता?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची लाज वाटली. आम्ही नाहीच म्हणालो असतो.

नंतर शांतपणे बसून तिच्याकडून सगळं ऐकलं, तेव्हा एक गोष्ट कळली आणि तिने आमची झोप उडवली. ज्युदोचा वर्ग सहा ते साडेसात. टॅलीचा क्लास, म्हणजे जो नव्हताच तो, सहा ते सात. सात वाजून दहा मिनिटांनी घरात पाऊल पडलं नाही तर फोन. म्हणून ती शेवटचा अर्धा तास टाकून निघायची. आणि मैत्रिणीच्या घरी कपडे बदलून मग हॉलवर जायचं, म्हणून पोचायलाही उशीर व्हायचा. आता ज्युदोत सुरुवातीलाच शिकवतात ते पडायला. समोरच्याने फेकलं की हात टेकवून अंग वाचवायचं नाही, हनुवटी छातीशी घ्यायची आणि तळहातासकट सगळा हात चटईवर आपटून पडायचं. याला 'उकेमी' म्हणतात. वर्ग सुरू झाला की अंग गरम करून रोज आधी हेच करून घेतात. आमची भाची पोचायची तेव्हा ते नेमकं संपलेलं असायचं. त्या दिवशी ती पडली, हात पुढे टेकला गेला आणि हाडाला चीर गेली.

खेळ धोक्याचा आहे हे खरंच. पण तिचं हाड खेळापेक्षा त्या चोरलेल्या अर्ध्या तासामुळे मोडलं, आणि तो अर्धा तास चोरायला तिला आमच्या घरांनीच लावलं. दुखणं लपवण्यासाठी दहा दिवस गोळ्या खाऊन तिने बादल्या उचलल्या, तेही आमच्याच भीतीने. हात वेळेवर झोळीत बांधला गेला असता तर सहा-आठ आठवड्यांत हाड जुळलं असतं. तिला दुप्पट वेळ लागला.

हे लिहिताना आमचं घर एकटं नाही हे आम्हाला माहीत आहे. या मासिकाच्या कितीतरी वाचकांच्या घरात असं एखादं मूल असेल, जे उशिरा जागं झालं आहे. शाळेत कुणी मैदानावर नेलं नाही, आता कॉलेजात किंवा नोकरीत आल्यावर कराटे, बॉक्सिंग, कुस्ती, तायक्वांदो यांतलं काहीतरी मनात भरलं आहे. मुलगा असेल तर आपण म्हणतो, "पोटापाण्याचं बघ." मुलगी असेल तर जे म्हणतो ते वर लिहिलंच आहे. मोहोळचा सिकंदर शेख २०२३ साली महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात घरोघरी आनंद झाला. पण ती गदा दुसऱ्याच्या घरात आली म्हणून आपल्याला गोड लागते. आपल्या पोराने तालमीची वाट धरली की आपण घड्याळ बघतो.

मेरी कोमची गोष्ट आपण सिनेमात पाहिली आहे, पण त्यातला एक भाग आई-बापांनी पुन्हा आठवावा. मणिपूरची ही शेतमजुराची मुलगी शाळेत असताना धावायची, भाला फेकायची. १९९८ साली तिच्याच राज्यातल्या डिंको सिंगने बँकॉकच्या एशियाडमध्ये बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकलं, त्यातून तिच्या मनात हा खेळ आला. २००० साली, सतरा-अठराव्या वर्षी, तिने हातमोजे चढवले. घरी सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी ती राज्य स्पर्धा जिंकली आणि वर्तमानपत्रात फोटो आला. वडिलांना मुलीचा खेळ कळला तो त्या फोटोवरून. ते स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले, तरी त्यांना पहिली चिंता पडली ती चेहऱ्याला मार लागला तर लग्न कसं होणार याची. पुढे ती सहा वेळा जगज्जेती झाली, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं. वडीलही नंतर बाजूने उभे राहिले. पण मुलीच्या पहिल्या विजयाच्या दिवशी ते तिथे नव्हते, आणि तो दिवस काही परत आला नाही.

मेरी कोमला निदान पुढे घर मिळालं. ज्यांना ते मिळालं नाही अशा एक बाई आपल्याच समाजातल्या, आणि त्यांचं अर्धं आयुष्य आपल्याच महाराष्ट्रात गेलं. त्यांचं नाव हमीदा बानो.

हमीदा बानो मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या. अलीगढला एका पैलवानांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. त्या काळी बाईने आखाड्यात उतरणं हीच बातमी होती, आणि या तर पुरुष पैलवानांशी लढायच्या. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्याला त्यांनी बाबा पैलवानांना १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन या महिला पैलवानाला मिनिटाच्या आत हरवलं. त्या काय खातात, किती दूध पितात, याच्या बातम्या वर्तमानपत्रं छापायची.

पण आपल्या भागात त्यांच्या वाट्याला काय आलं तेही ऐका. कोल्हापुरात त्यांनी एका पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. अडथळ्यांना कंटाळून त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की, बाई म्हणून बंदी नाही, तुमच्यासमोर खोटे पैलवान उभे केले जातात अशा तक्रारी आहेत. म्हणजे बाई जिंकली तर कुस्तीच खोटी असणार, असं लोकांना वाटत होतं.

एवढं होऊनही त्या थांबल्या नव्हत्या. रशियन पैलवानाला हरवल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता युरोपात जाऊन लढणार. आणि तिथून पुढे कुस्तीच्या बातम्यांतून त्यांचं नाव नाहीसं झालं. कारण पुष्कळ वर्षांनी त्यांच्या नातवाने पत्रकारांना सांगितलं. युरोपला जाऊ नये म्हणून त्यांच्याच जवळच्या माणसाने, ज्यांनी त्यांना तयार केलं त्यांनीच, मारहाण करून त्यांचा हात मोडला. कल्याणला शेजारी राहिलेल्यांनी सांगितलं की कितीतरी वर्षं त्या काठीशिवाय चालू शकत नव्हत्या. नंतरचं सगळं आयुष्य कल्याणमध्ये गेलं. म्हशी पाळल्या, दूध विकलं, हातात पैसा नसला की रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली त्या वारल्या. २०२४ च्या ४ मे रोजी गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आम्हीही त्यातलेच.

कोल्हापूरचे दगड, पुण्याचा विरोध, मंत्र्यांचं पत्र, यांतलं काहीच हमीदा बानोंना थांबवू शकलं नाही. थांबवलं ते घरातल्या माणसाने. आपण कुणी आपल्या मुलीचा हात मोडणार नाही, अल्लाह माफ करो. पण भाचीचा एक्स-रे उजेडात धरून पाहताना आम्हाला वाटलं, न मोडताही मोडला जातो तो असा.

आता दीनचा प्रश्न, कारण घराघरात तो निघतो. हदीसमध्ये रुकाना नावाच्या नामांकित पैलवानाचा प्रसंग येतो. त्याने प्रेषितांशी (स.) कुस्ती धरली आणि प्रेषितांनी (स.) त्याला पाडलं. मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) हजरत आयशांना (र.) ते पाहू दिले. उहुदच्या लढाईत उम्मे अमारा (र.) तलवार घेऊन प्रेषितांच्या (स.) रक्षणाला उभ्या राहिल्या आणि अंगावर जखमा झेलल्या. बळकट मोमिन अल्लाहला दुबळ्यापेक्षा अधिक प्रिय आहे, अशा अर्थाची हदीसही आहे. त्याचबरोबर चेहऱ्यावर मारू नये अशीही शिकवण आहे आणि त्यावरून बॉक्सिंगबद्दल उलेमांचे आक्षेप आहेत. ज्या घराला ते पटतं त्यांच्यासाठी ज्युदो आणि कुस्ती आहेत, त्यांत ठोसा नसतोच. ज्युदोचा पोशाख अंगभर असतो. डोकं झाकण्याबद्दल प्रत्येक खेळाचे नियम वेगळे आहेत ते आधी विचारून घ्यावेत. बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने २०१९ साली हिजाब घालून खेळायला परवानगी दिली. म्हणजे विचारलं की वाट निघते. पण विचारायला आधी मुलीला तोंड उघडता आलं पाहिजे.

उशिरा सुरू करणाऱ्या मुला-मुलींनाही काही खरं सांगायला हवं, कारण नुसती शाबासकी दिली तर तीही फसवणूकच. बारावीनंतर सुरुवात केली की १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांची गाडी निघून गेलेली असते. ज्युदोत एकविसाव्या वर्षी कुमार गटही संपतो आणि थेट वरिष्ठ गटात उभं राहावं लागतं. वजन तुमच्याएवढंच असतं, पण समोरची मुलगी दहाव्या वर्षापासून चटईवर पडत-उठत आलेली असते. चार मिनिटांची लढत असते आणि एका स्वच्छ फेकीत ती संपते. पहिली काही वर्षं तुम्ही हरणार आहात, तेवढी तयारी ठेवा.

कॉलेजात नाव असेल तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही तुमची पहिली पायरी. तिथून विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात. आपल्या सोलापूर विद्यापीठातल्या मुलांनाही हीच वाट आहे. त्यानंतरही दार बंद होत नाही. ज्युदोत तीस वर्षांवरच्यांसाठी आणि कुस्तीत पस्तीस वर्षांवरच्यांसाठी वेगळा गट असतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते ठरलेल्या स्पर्धांतल्या पदकावर मिळतं. क्लासच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नाही. म्हणून ज्या क्लासला जाता तो जिल्हा संघटनेशी जोडलेला आहे का, तिथली मुलं जिल्हा आणि राज्य स्पर्धांना जातात का, हे आधी बघा. तीन महिन्यांत पट्टा बदलून देणारा आणि दर पट्ट्याला नवी फी मागणारा गुरू असेल तर त्याला लांबूनच सलाम करा. स्पर्धेसाठी वजन उतरवायला पाणी तोडू नका. रमजानमध्ये सरावाची वेळ इफ्तारनंतर घ्या किंवा इफ्तारच्या आधी हलका सराव करा, आणि रोजा आहे हे सरांना सांगा. दुखलं तर त्याच दिवशी सांगा. लपवलेलं दुखणं म्हणजे हिम्मत नव्हे.

आई-वडिलांकडे फार पैसे मागायचे नाहीत. त्यांनी एकदा जाऊन तो हॉल बघावा. शिकवणारा कोण आहे, मुली किती आहेत, चटई धड आहे का, पहिल्या उपचाराची पेटी आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. पटलं नाही तर दुसरा हॉल शोधावा. खऱ्या वेळेला जा आणि खऱ्या वेळेला ये, एवढं म्हणावं. भाकरीबरोबर शेंगाचटणी असतेच, त्यात दोन अंडी वाढवावीत. लग्नाची चिंता करूच नये असं आम्ही म्हणत नाही, ती चिंता आई-बापांची असतेच. निजामाबादच्या निखत जरीनच्या आईलाही पहिल्या दिवशीचा सुजलेला डोळा पाहून हीच भीती वाटली होती. पण वडील मुलीच्या मागे उभे राहिले, नातेवाइकांचे टोमणे त्यांनी स्वतःवर घेतले, आणि २०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली. आपल्यासारखंच दखनी बोलणारं घर ते. प्रत्येक घरातून निखत निघणार नाही. पण टोमणे बापाने घ्यायचे की मुलीने, एवढं तर प्रत्येक घर ठरवू शकतं.

आता आमच्या घरचं पुढचं सांगतो. हाड जुळायला वेळ गेला. मेहुण्यांनी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणणं थांबवलं. आम्ही दोन वेळा हॉलवर जाऊन बसलो. पहिल्यांदा पाऊण तास मुलं नुसती पडत होती, आमची भाची त्यांच्यात सगळ्यात मोठी. बारा वर्षांची एक मुलगी तिला पडायचं कसं ते दाखवत होती आणि ती निमूटपणे शिकत होती. त्या दिवशी आम्हाला आमचं लग्नाच्या स्थळांचं भाषण आठवलं आणि बरं वाटलं नाही.

या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेत ती ५२ किलो गटात उतरली. समोर कोण होती माहीत नाही, पण जेमतेम चाळीस सेकंदांत आमच्या भाचीची पाठ चटईला लागली. पडताना मात्र तिची हनुवटी छातीशी होती आणि हाताचा आवाज अख्ख्या हॉलभर गेला. उठली, वाकून सलाम केला, बाहेर आली. आम्हाला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मामू, बघितलं? काही लागलं नाही."

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. आधी विचारलं, "हाथ ठीक है ना उसका?" ठीक आहे म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "भाईजान, फिर कब है?"

पुढची स्पर्धा कधी आहे ते आम्ही विचारून ठेवलं आहे. इंशाअल्लाह, या खेपेला बहिणीलाही घेऊन जाऊ.